सीबीटी म्हणजे काय, ती कशी चालते, कुणाकडे घ्यावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनासाठी पहिल्यांदा फोन करणारी माणसं साधारण हेच प्रश्न विचारतात. काही जण थेट विचारतात, काही ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणून. उत्तरांतली उदाहरणं अनेकांच्या अनुभवांवरून रचलेली आहेत, ती कुणा एका व्यक्तीची नाहीत.

सीबीटी म्हणजे नेमकं काय?

कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. काहीतरी घडतं, आपण मनातल्या मनात त्याचा अर्थ लावतो, त्या अर्थाप्रमाणे भावना येते, छाती धडधडते किंवा अंगातलं बळ जातं, आणि मग आपण काहीतरी करतो. बऱ्याचदा करतो ते म्हणजे टाळतो. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आपण लावलेला अर्थ खरा होता की खोटा हे कळायचं राहूनच जातं. पुढच्या वेळी तोच अर्थ आणखी पक्का होऊन समोर येतो.

सीबीटी या चक्रात दोन ठिकाणी हात घालते. लावलेला अर्थ तपासायला शिकवते आणि टाळलेली गोष्ट टप्प्याटप्प्याने करून बघायला लावते. लहानपणाविषयी बोलणं होतच नाही असं नाही, पण सुरुवात होते ती ‘हा त्रास आज कशामुळे टिकून राहिलाय’ इथून.

म्हणजे ‘पॉझिटिव्ह विचार करा’ हेच ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक थेरपीला यायच्या आधीच वैतागलेले असतात. ‘सगळं छान होईल’ हासुद्धा पुराव्याशिवाय केलेला अंदाजच आहे, ‘सगळं वाटोळं होईल’ याच्याइतकाच. सीबीटीत दोन्हींना एकच प्रश्न विचारला जातो : कशावरून?

कधी कधी तपासल्यावर त्रास देणारा विचार खरा निघतो. साहेब खरंच नाराज असतात, नातं खरंच तुटायला आलेलं असतं. मग विचाराची रंगसफेदी करत बसायचं नसतं. पुढे काय करता येईल, यावर काम सुरू होतं.

एका सेशनमध्ये प्रत्यक्ष काय होतं?

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा. कोचावर पडून बोलायचं आणि समोरच्याने नुसतं ‘हं, हं’ करायचं, असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. सीबीटीचं सेशन बरंचसं कामकाजी असतं. आठवडा कसा गेला हे आधी थोडक्यात सांगायचं, मग आज कशावर बोलायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. मग मागच्या वेळच्या गृहपाठाचं काय झालं ते बघायचं, एखाद-दुसऱ्या प्रसंगावर खोलात काम करायचं आणि नवा गृहपाठ घ्यायचा.

मधूनमधून प्रश्नावली भरून घेतात. पीएचक्यू-९ हे नाव कानावर पडेल, ती नैराश्य मोजणारी प्रश्नावली. त्यात नऊ प्रश्न असतात आणि गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःविषयीचे विचार यांचा त्रास किती दिवस झाला हे विचारतात. गुण ० ते २७. तो आकडा म्हणजे तुमचा निकाल नव्हे. चार आठवड्यांनी तो हलला की नाही, हे मात्र दोघांनाही कळायला हवं. काहीच हलत नसेल तर थेरपिस्टने उपचाराची दिशा बदलायला हवी.

गृहपाठाला बरेच जण नाकं मुरडतात. पण आठवड्यात १६८ तास असतात आणि त्यातला एकच थेरपिस्टसोबत जातो. बदल घडायचा तो उरलेल्या तासांत.

विचार ‘तपासायचे’ म्हणजे काय करायचं? एखादं उदाहरण द्याल?

पुण्यात खोली करून राहणारा, एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा घेऊ. वय २६, तिसरा प्रयत्न. मंगळवारी संध्याकाळी तो अभ्यासिकेत बसलाय. मित्राचा मेसेज येतो : ‘उत्तरतालिका आली. तुझे किती बसतायत?’

त्याच्या वहीतली नोंद अशी होती.

प्रसंग : मित्राचा मेसेज. मनात आलेले विचार : ‘मी परत बसणार नाही. वडिलांचे पैसे पाण्यात घातले. माझ्या आयुष्याचं काही होणार नाही.’ यावर विश्वास किती : ९० टक्के. भावना : निराशा ८५, लाज ७०. काय केलं : मेसेजला उत्तर दिलं नाही, फोन बंद केला, खोलीवर जाऊन पडलो, मेसला गेलो नाही.

आता ती तीन वाक्यं सुटी करून बघा. तिन्हींची जात वेगळी आहे. पहिलं भाकीत आहे आणि ते उत्तरतालिका उघडून अर्ध्या तासात तपासता येतं. त्याने नेमकं तेच टाळलं. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, कारण पैसे खर्च झालेतच. पण ‘पाण्यात’ हा शेरा त्याचा स्वतःचा आहे, वडिलांचा नाही. वडिलांशी या विषयावर तो महिनोन् महिने बोललेलाच नव्हता. तिसरं वाक्य म्हणजे एका पूर्व परीक्षेवरून थेट अख्ख्या आयुष्यावर मारलेली उडी.

थेरपिस्ट इथे भाषण देत नाही, प्रश्न विचारतो. हे खरं मानायला पुरावा काय? विरोधात काय आहे? हाच मेसेज मित्राला आला असता आणि तो असं बोलला असता, तर तू त्याला काय म्हणाला असतास? वाईटात वाईट घडलं, तर पुढच्या सहा महिन्यांत नेमकं काय करशील?

शेवटच्या रकान्यात मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं : ‘कटऑफच्या आसपास असेन, नक्की माहीत नाही. वर्षं गेली हे खरं. चौथा प्रयत्न करायचा की नोकरी बघायची हे ठरवायला आधी आकडा लागेल.’ यावर विश्वास ६५ टक्के. निराशा ८५ वरून ५५.

शून्यावर आली नाही, आणि यायला नकोच. निकालाची धाकधूक असणारच. पण ५५ निराशा असलेला माणूस उठून मेसला जातो, मित्रासोबत उत्तरतालिका तपासतो, घरी फोन करतो. ८५ वाला चादर ओढून पडतो. सीबीटीला अपेक्षित फरक एवढाच असतो आणि तो पुरतो. त्या आठवड्याच्या गृहपाठात दोन गोष्टी होत्या : गुण मोजायचे आणि वडिलांना ते स्वतः सांगायचे.

ही पद्धत काढली कुणी?

दोन अमेरिकी माणसं, दोघंही मूळचे मनोविश्लेषणवाले, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेतले. अॅल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५च्या सुमारास आपली वेगळी पद्धत मांडली. तिचाच पुढे आरईबीटी, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी झाली. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनेकडे बघण्याची दृष्टी अस्वस्थ करते, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टीटसचं म्हणणं त्यांनी पायाशी ठेवलं. ‘असं व्हायलाच हवं’, ‘लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे’ या ‘च’कारी हट्टांवर एलिस यांचा रोख होता.

एलिस यांनी स्वतःच सांगितलेला किस्सा मजेशीर आहे. १९व्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण भीती वाटायची. म्हणून त्यांनी एक महिना रोज ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक मुलीशी बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी ते बोलले. त्यातली एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणी किंचाळलं नाही, आणि एलिस यांची भीती गेली. थेरपीचं नाव ठरण्याच्या कितीतरी आधी तिचा वर्तनाचा भाग त्या बागेत होऊन गेला होता.

दुसरे अॅरन बेक (१९२१–२०२१), फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हा फ्रॉइडप्रणीत सिद्धान्त पुराव्यानिशी सिद्ध करायला ते निघाले होते. रुग्णांच्या स्वप्नांत त्यांना रागाऐवजी हरल्याच्या, गमावल्याच्याच गोष्टी सापडत गेल्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की जागेपणीही या माणसांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी असेच झटपट विचार सतत चालू असतात. स्वतःचा सिद्धान्त चुकतोय हे दिसल्यावर बेक यांनी सिद्धान्त सोडला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

महाराष्ट्रात हे कधीपासून आहे?

एलिस यांची पद्धत मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून ओळखली जाते आणि ती इथे रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, मराठीत लिहिलं, शिकवलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेच्या कामातही हा विचार मध्यवर्ती राहिला. त्यामुळे ‘ही परदेशी पद्धत आपल्याकडे चालते का’ हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की जरा गंमत वाटते.

मला विचारांत खोल शिरायचं नाही. नुसतं वागणं बदलून भागतं का?

नैराश्यात बऱ्याचदा भागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी १९९६मध्ये सीबीटीचे सुटे भाग करून पाहिले. एका गटाला पूर्ण थेरपी दिली, एकाला फक्त वर्तनाचा भाग : दिवसाची आखणी, सोडून दिलेली कामं आणि छंद पुन्हा सुरू करणं. फक्त वर्तनाचा भाग मिळालेले लोक पूर्ण थेरपीवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत.

यामागचं गणित सरळ आहे. उदास माणूस ‘मूड आला की करीन’ म्हणून थांबतो. काहीच न केल्यामुळे आनंद देणारं किंवा ‘हे मला जमलं’ म्हणायला लावणारं काही घडत नाही, मग मूड येणार कुठून? म्हणून आधी करायचं, मूडची वाट बघायची नाही. सुरुवात अगदी छोटी असते : सकाळी आठला अंघोळ, दहा मिनिटं सोसायटीच्या आवारात फेरी, बहिणीला एक फोन. प्रत्येकासमोर दोन आकडे लिहायचे, किती बरं वाटलं आणि किती जमल्यासारखं वाटलं. ‘करून काही फरक पडणार नाही’ म्हणणाऱ्याला आपल्याच वहीत २ आणि ५ असे आकडे दिसतात तेव्हा समजावून सांगायची फारशी गरज उरत नाही.

याच धर्तीवरचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी गोव्यात झाला. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी सहा ते आठ सेशन्सचा कार्यक्रम आखला. सेशन घेणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. आरोग्य केंद्राचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘हे सगळं शहरातल्या शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्यांचं’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना हा प्रयोग सांगा.

लोकलमध्ये अचानक श्वास कोंडतो, आता मरणार असं वाटतं. यात सीबीटी काय करणार?

आधी डॉक्टरांकडे जाऊन हृदय, थायरॉइड, रक्तातली साखर वगैरे तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर हे भीतीचे झटके असू शकतात, पॅनिक अटॅक. सीबीटी जिथे उत्तम चालते, त्यांतलं हे एक दुखणं.

डोंबिवलीहून दादरला कामाला जाणारी एक बाई धरा. एकदा फास्ट लोकलच्या गर्दीत तिला घुसमटल्यासारखं झालं, हातांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून ती फक्त स्लो लोकल पकडते, दाराजवळ उभी राहते, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि गोळी ठेवते, आणि गाडीत चढल्यापासून नवऱ्याशी फोन चालू ठेवते. स्लोने रोजचा वेळ वाढतो, मस्टर चुकतं, पण अटॅक येत नाही. तिला वाटतं, बाटलीमुळे आणि दारामुळे आपण वाचतोय. गोम तिथेच आहे. त्या गोष्टी नसत्या तरी ती वाचलीच असती, हे शिकायची संधी तिला मिळतच नाही.

थेरपीत आधी शरीर समजावून सांगतात. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि चक्कर येते. ही लक्षणं भयानक वाटतात, पण जिवावर बेतत नाहीत. मग थेरपिस्ट तिला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला सांगतो. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे करत नाहीत. मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ‘अगं, अगदी असंच होतं!’ हे वाक्य बहुधा याच वेळी ऐकू येतं. हार्ट अटॅक वाटणारी गोष्ट आपणच खुर्चीत बसून तयार करू शकतो आणि ती आपोआप ओसरते, हे कळणं दहा समजुतीच्या शब्दांपेक्षा मोठं असतं.

मग पायऱ्या. रविवारी दुपारी, गर्दी नसताना, स्लोने डोंबिवली ते कोपर, बाटलीशिवाय. मग दिव्यापर्यंत. मग ठाण्यापर्यंत, दारापासून आत. मग नवऱ्याचा फोन बंद. मग सकाळची स्लो. शेवटी फास्ट. प्रत्येक फेरीआधी लिहायचं : काय होईल असं वाटतंय, किती टक्के खात्री? उतरल्यावर लिहायचं : प्रत्यक्षात काय झालं? प्रवासात भीती वाटेलच. ती वाटत असतानाही गाडीत थांबून राहणं हाच उपचार आहे. घाबरून मध्येच उतरलं तर भीती पुन्हा जिंकते, म्हणून पायरी झेपेल इतकीच उंच ठेवायची.

मंत्रचळावर, म्हणजे ओसीडीवरही हेच?

तत्त्व हेच, पद्धत थोडी वेगळी. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, म्हणून तीन जिने चढून परत जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. इथे शंका येऊ द्यायची आणि तपासायला मात्र जायचं नाही. अस्वस्थता वाढते, टिकते आणि काही वेळाने उतरते किंवा निदान सोसवते, हे पुन्हा पुन्हा अनुभवायचं. याला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. ते शिकलेल्या थेरपिस्टकडेच करावं.

यात घरच्यांना सर्वांत जड काय जातं, तर ‘हो गं, बंद केलाय गॅस’ असं विसाव्यांदा न सांगणं. प्रेमापोटी दिलेली ती खात्री आजार पोसते. थेरपिस्ट घरच्यांनाही बोलावतात ते यासाठी.

झोप लागत नाही. त्यासाठी गोळीच लागेल ना?

जुनाट निद्रानाशासाठी आधी सीबीटीच द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये केली. यातले नियम ऐकायला उलटे वाटतात. रोज उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. अंथरुणात मोबाइल, चहा, हिशेब काही नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि झोप आली की परत यायचं. प्रत्यक्ष झोप साडेपाच तास होत असेल, तर सुरुवातीला अंथरुणात तेवढाच वेळ घालवायचा. हा शेवटचा नियम स्वतःच्या मनाने करू नका. बायपोलर किंवा फिट्सचा त्रास असेल तर अजिबातच नको. आणि वन-रूम-किचनमध्ये ‘दुसरी खोली’ कुठून आणायची? स्वयंपाकघरातला पाट किंवा बाल्कनीतली खुर्ची चालते.

औषधं घ्यावीत की सीबीटी?

सौम्य-मध्यम नैराश्य आणि चिंताविकारांत अनेकांना नुसती सीबीटी पुरते. तीव्र नैराश्यात बहुधा दोन्ही एकत्र देतात. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये औषधं हाच मुख्य आधार असतो, थेरपी त्याच्या जोडीला. उपचार थांबवल्यानंतर नैराश्य परत येण्याचं प्रमाण, गोळ्या घेऊन थांबवणाऱ्यांच्या तुलनेत सीबीटी केलेल्यांमध्ये कमी आढळतं. सुरू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नका. आवडत नसतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

माझ्या अडचणी खऱ्या आहेत. विचार बदलून त्या कशा सुटतील?

सुटणार नाहीत. कर्ज, जातीवरून मिळणारी वागणूक, घरातली मारहाण, गेलेली नोकरी या ‘विचारांतल्या चुका’ नाहीत. मार खाणाऱ्या बाईला ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ असं कुणी थेरपीच्या नावाखाली सांगत असेल, तर ती थेरपी नव्हे. तिथे आधी सुरक्षितता बघायची, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठी आहे.

मग सीबीटीला काही काम उरतं का? उरतं. कर्ज खरं असतं, पण ‘मी कुटुंबावर ओझं आहे, मी नसलेलाच बरा’ हे वाक्य त्या कर्जाला चिकटून आलेलं असतं. ते सुटं करता येतं. डोकं ठिकाणावर असलेला माणूस बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल बोलू शकतो. थेरपीची मर्यादा थेरपिस्टने स्वतःहून सांगावी, असं माझं मत आहे. सगळ्यावर सीबीटी लागू पडते असं म्हणणाऱ्यापासून जरा जपूनच राहा.

‘मन खंबीर कर, हे सगळं आपल्या संतांनी सांगितलंच आहे’ असं घरचे म्हणतात.

मनाविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगून ठेवलंय, यात वाद नाही, आणि कुणाला नामस्मरणाने, वारीने आधार मिळत असेल तर थेरपिस्ट ते सोडायला लावत नाही. पण मन खंबीर करायचं म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सात वाजता नेमकं काय करायचं, हे ‘खंबीर हो’ म्हणणाऱ्याला सहसा सांगता येत नाही. थेरपीत तेच ठरवतात. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एका सेशनला सोबत न्या.

कुणाकडे जायचं? पाट्यांवर तर सगळेच ‘काउन्सेलर’ असतात.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर. औषधं तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला हरकत नाही. समुपदेशक या नावाखाली मात्र एमए करून वर्षानुवर्षं काम करणारेही असतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही.

म्हणून फोनवरच विचारा : सीबीटी किंवा आरईबीटीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, माझ्यासारख्या तक्रारीवर काम केलंय का, साधारण किती सेशन्स लागतील, प्रगती कशी मोजता? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. दोन-तीन सेशन्स झाली तरी गृहपाठ नाही, आराखडा नाही, नुसत्याच गप्पा होतायत, तर त्या गप्पांनी बरं वाटेलही, पण ती सीबीटी नाही. थेरपिस्ट स्वतःच्याच गोष्टी सांगत बसतो, लग्न कर म्हणतो, देवधर्मावर शेरे मारतो किंवा तुमचं बोलणं घरच्यांना कळवतो, तर दुसरा शोधा.

परवडेल का? सरकारी सोय आहे का?

खाजगी सेशनचा दर गाव आणि माणूस पाहून काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातो. सवलतीचे दर आहेत का, हे संकोच न करता विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊ शकतं, भरतीच व्हावं लागतं असं नाही. तिथे गर्दी असते. दर आठवड्याला तासभर मिळेलच असं नाही, हेही खरं.

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे दर आठवड्याच्या सेशनची फी बहुधा खिशातूनच जाते. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का, ते बघा.

मराठीतून थेरपी मिळते का? मी परदेशात राहतो.

मिळते, आणि मिळत असेल तर मराठीतच घ्या. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही मनात येणारी बोचरी वाक्यं बऱ्याचदा आईच्या किंवा शाळेतल्या बाईंच्या आवाजात आणि मराठीतच येतात. ती जशीच्या तशी वहीत उतरली पाहिजेत. व्हिडिओ कॉलवरची सीबीटी अनेक तक्रारींवर चांगली चालते. परदेशातून भारतातल्या थेरपिस्टशी बोलायचं असेल तर तिथले नियम आणि अडीअडचणीला जवळचं रुग्णालय कोणतं, हे आधी ठरवून घ्या.

अॅप किंवा पुस्तकावरून स्वतःच केलं तर?

त्रास हलका असेल तर जरूर करा, वहीपेन पुरतं. मध्ये कुणीतरी आठवड्यातून दहा मिनिटं विचारपूस करणारं असेल तर लोक टिकतात, एकट्याने बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सोडतात. चॅटबॉटला रात्री दोन वाजता ‘सांग ना, सगळं ठीक होईल ना’ विचारत बसणं हे मात्र गॅसची शेगडी परत परत तपासण्यासारखंच आहे.

मनात मरणाचे विचार येतात. हे थेरपिस्टला सांगितलं तर पोलिसांत जाईल का?

नाही. सांगा, पहिल्याच सेशनमध्ये सांगा. थेरपिस्टला हा प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकायची सवय असते. २०१७च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा नव्हे तर उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. बोलणं गुप्त राहतं, पण जिवाला धोका असेल तर जवळच्या एका माणसाला सांगावं लागतं. तो माणूस कोण, हे तुम्हीच निवडू शकता.

आत्ता हे वाचताना मन त्या काठावर असेल, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. एकटे राहू नका, कुणालातरी खोलीत बोलवा. गोळ्या, कीटकनाशक, दोर जे हाताशी असेल ते त्यांच्या ताब्यात द्या. परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर.

किती दिवसांत फरक पडतो? आणि संपते कशी?

नैराश्य आणि चिंतेसाठी साधारण १२ ते २० सेशन्स धरतात. एखादी विशिष्ट भीती त्याहून लवकर सुटते. जुनी, गुंतागुंतीची दुखणी जास्त वेळ घेतात. सहा-आठ सेशन्सनंतर आकडे आणि दिनक्रम दोन्ही जागच्या जागी असतील तर थेरपिस्टशी मोकळेपणी बोला : निदान बरोबर आहे का, औषधाची गरज आहे का, गृहपाठ फार मोठा होतोय का, की तुमचं दोघांचं जमतच नाहीये?

शेवटची काही सेशन्स पंधरवड्याने, मग महिन्याने होतात. त्यात एक पान लिहून घेतात : माझा त्रास परतू लागला तर सुरुवातीला काय दिसतं, तेव्हा मी कोणत्या तीन गोष्टी करायच्या, कुणाला सांगायचं. त्या एमपीएससीवाल्या मुलाच्या पानावर पहिली खूण होती ‘सलग दोन दिवस मेस चुकली’. दुसरी, ‘घरच्या फोनला नंतर करतो असं उत्तर’. तिसऱ्या ओळीत त्याने रूममेटला सांगून ठेवलं होतं, की या दोन्ही दिसल्या तर मला विचारायचं, मी चिडलो तरी विचारायचं. वर्षभराने पुन्हा दोन-तीन सेशन्स लागली तर वेळ मागून घ्या. बहुतेक थेरपिस्ट जुन्या लोकांसाठी अशी जागा ठेवतात, आणि तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.